मौनाची रुजुवात

मेंदूच्या मागच्या भागातील गाठ काढण्याची शस्त्रक्रिया यथासांग पार पडावी, मुलाने शुद्धीवर येऊन पाणी मागावे, आईला हाक मारावी, आणि त्यानंतर एखाद-दोन दिवसांत त्याचे बोलणे आटत आटत अखेर साफ बंद व्हावे, हा प्रकार बालमेंदूच्या शल्यचिकित्सकांना आता अपरिचित राहिलेला नाही; परंतु ज्या घरातील मुलाच्या वाट्याला तो येतो, त्या घराला तो आजही तितकाच अनाकलनीय वाटतो. मूल जागे असते, त्याचे कान शाबूत असतात, जीभ लुळी पडलेली नसते, रडताना घशातून आवाजही निघतो. येत नाही तो केवळ शब्द. सोबत अंग सैल पडते, घास गिळणे जड जाते, स्वभाव चिडका होतो, आणि ओळखीच्या माणसाकडेही पाठ करून ते पडून राहते. भेदरल्यामुळे गप्प आहे असे कोणी म्हणतो, रुसले आहे असे कोणी म्हणतो, आणि शस्त्रक्रियेत हात चुकला असावा ही शंका तर कोणी बोलून दाखवो वा न दाखवो, प्रत्येकाच्या मनात घर करून बसते. या तिन्ही तर्कांहून निराळी अशी जी हकिकत गेल्या चाळीसएक वर्षांत वैद्यकाने, आणि विशेषेकरून मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या यंत्रांनी, उलगडून दाखविली, ती मराठी वाचकापुढे मांडावी हा या पुस्तकाचा हेतू आहे. आणि नंदुरबार जिल्ह्याच्या भूमीवर उभे राहून ती वाचली असता तिच्यात कोणती उणीव जाणवते, हे सांगणे हा या प्रस्तावनेचा.

लहान मुलांच्या मेंदूत उद्भवणाऱ्या मारक गाठींमध्ये मेड्युलोब्लास्टोमा ही सर्वांत अधिक आढळणारी. डोक्याच्या मागील तळाशी, बहुधा लहान मेंदूच्या मध्यरेषेवर, ती वाढते. चौथ्या मस्तिष्कविवरात शिरून तेथील द्रवाची वाट अडविते. आणि सकाळी उठल्याबरोबर डोके दुखणे, उलटी होणे, चालताना झोक जाणे अशा लक्षणांनी ती प्रथम प्रकट होते, ज्यांची बोळवण पुष्कळदा पित्त किंवा अशक्तपणा म्हणून केली जाते. शस्त्रक्रियेवाचून तिला गत्यंतर नाही. तिच्यामागून वयाप्रमाणे किरणोपचार आणि औषधोपचार येतात. अमेरिकेतील बालकर्करोग-चिकित्सकांच्या सहकारी गटाने ४५० मुलांच्या पाहणीचा जो अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात २४ टक्के मुलांना, म्हणजे जवळजवळ चारांतील एकाला, शस्त्रक्रियेनंतर हे मौन आल्याचे नमूद आहे. ते बहुधा काही आठवडे आणि क्वचित काही महिने टिकते. मग बोलणे परतते. पण ते आरंभी कुजबुजीसारखे, एकेका शब्दाचे, संथ आणि एकसुरी असते, आणि अनेक मुलांच्या उच्चारात व विचारांच्या गतीत त्याचा माग पुढे वर्षानुवर्षे राहतो.

वाणी लोपण्याचा संबंध लहान मेंदूशी असेल, ही गोष्ट वैद्यकाला दीर्घकाळ सुचली नाही, आणि त्याला कारणही तसेच होते. १८६१ मध्ये पॅरिस येथे पॉल ब्रोका यांनी, ज्याच्या तोंडून एका अक्षरापलीकडे फारसे काही निघत नव्हते अशा रुग्णाच्या मेंदूचे मरणोत्तर परीक्षण करून डाव्या ललाटखंडातील बिघाडाकडे बोट दाखविले, तेव्हापासून वाचेची सारी वतनदारी मोठ्या मेंदूच्या नावे चढली. लहान मेंदूकडे तोल, चाल आणि हालचालींचा मेळ एवढेच खाते राहिले; पहिल्या महायुद्धात डोक्याला जखम झालेल्या सैनिकांची गॉर्डन होम्स यांनी केलेली सूक्ष्म निरीक्षणेही बव्हंशी त्याच खात्याच्या हद्दीतली होती. १९८५ मध्ये रेकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा मुलांची कैफियत मांडून हे मौन लहान मेंदूतूनच उद्भवते असे प्रतिपादन केले, तेव्हा या जुन्या वाटणीला पहिला गंभीर धक्का बसला. तीनच वर्षांनी, १९८८ मध्ये, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना एकेक नाम दाखवून त्याला साजेसे क्रियापद उच्चारावयास सांगितले आणि त्या वेळी मेंदूतील रक्तप्रवाह मोजला. त्यात उजवा लहान मेंदूही कामास लागलेला दिसला. १९९८ मध्ये श्माहमन आणि शर्मन यांनी लहान मेंदूच्या विकारात भाषा, नियोजन आणि भावना यांचीही हानी होते हे साधार दाखविले. २०१६ मध्ये, ज्याला आइसलँड गट म्हणून ओळखले जाते त्या तज्ज्ञमंडळाने या अवस्थेचे नाव आणि लक्षणे एकमताने निश्चित केली, आणि तोवर निरनिराळ्या रुग्णालयांच्या दप्तरांत निरनिराळ्या नावांनी पडून राहिलेली प्रकरणे एका शीर्षाखाली आली.

लक्षण ठरले तरी कारण ठरत नव्हते, आणि ही मुले बहुतांशी जगत असल्यामुळे ब्रोकांचा मरणोत्तर परीक्षणाचा मार्ग येथे उपयोगी नव्हता. जिवंत मेंदूत डोकावता येणे हाच एक उपाय होता. १९७१ मध्ये लंडन येथे हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा छेद दाखविला. १९७३ मध्ये लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादाने प्रतिमा काढण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि त्यांना व तिचा पुढील विकास करणाऱ्या मॅन्सफील्ड यांना मिळून २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि आपल्या विषयाला खरी कलाटणी मिळाली ती १९९० नंतरच्या दशकात उदयास आलेल्या डिफ्युजन टेन्सर पद्धतीने. मेंदूतील पाण्याचे कण तंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात आणि आडवे सरकताना अडखळतात. या भेदाचे मोजमाप करून एम.आर.आय. यंत्राला तंतूंच्या जुड्या कोणत्या दिशेने जातात याचा अंदाज बांधता येतो. त्यामुळे केवळ कोठे जखम झाली एवढेच नव्हे, तर त्या जखमेने कोणती वाट तोडली, हा प्रश्न विचारता येऊ लागला.

ती वाट अशी आहे. लहान मेंदूच्या गर्भात दोन्ही बाजूंना दंतुर केंद्रक नावाचा करड्या द्रव्याचा एकेक नागमोडी पुंजका असतो. त्यातून निघालेले तंतू एकत्र होऊन, चौथ्या विवराच्या भिंतीला लागून, वरच्या बाजूला चढतात. मध्यमेंदूत पोहोचल्यावर उजवीकडचे डावीकडे आणि डावीकडचे उजवीकडे होतात. पुढे थॅलॅमसमध्ये थांबा घेऊन तेथून नवे तंतू ललाटखंडाकडे रवाना होतात. म्हणजे उजवा लहान मेंदू डाव्या ललाटखंडाशी, अर्थात बहुतेक माणसांत वाणीचा कारभार पाहणाऱ्या भागाशी, नित्य पत्रव्यवहार राखून असतो. गाठ बसते ती नेमकी या वाटेच्या उगमापाशी, आणि दोन्ही बाजूंच्या वाटा तेथे एकमेकींच्या इतक्या निकट असतात की एकाच हस्तक्षेपात दोहोंनाही इजा पोहोचू शकते.

रंगांकित प्रतिमेत हे पाहावयाचे असेल, तर मध्यमेंदूचा आडवा छेद समोर घ्यावा. या प्रतिमांचा संकेत असा की वरखाली जाणारे तंतू निळे, पुढेमागे जाणारे हिरवे, आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाणारे लाल दाखवावेत. निळ्या-हिरव्या पसाऱ्याच्या मधोमध, अगदी मध्यरेषेवर, एक तांबडा ठिपका दिसतो. हेच ते ठिकाण, जेथे दोन्हीकडच्या वाटा परस्परांना ओलांडतात. निरोगी मुलाच्या प्रतिमेत तो ठसठशीत असतो. वाटांचे तंतू झिजले की तो फिका पडतो. अमेरिकेतील मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयातील संशोधकांनी २००९ मध्ये, मौन आलेल्या आणि न आलेल्या मुलांच्या प्रतिमा शेजारी ठेवून, या वाटेच्या उगमाकडील भागाला पोहोचलेली इजा आणि मौन यांचा निकटचा संबंध दाखविला. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा रोखही याच वाटेकडे आहे. लहान मेंदूच्या मध्यभागास म्हणजे वर्मिसला छेद दिल्यामुळेच मौन येते ही पूर्वीची समजूत मात्र ढिली झाली आहे. युरोपातील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, गाठीपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचले यापेक्षा गाठीचा प्रकार, तिचे स्थान आणि मुलाचे कोवळे वय या गोष्टींना अधिक वजन आल्याचे दिसते. शल्यचिकित्सकाच्या हाताविषयी घरोघरी घेतल्या जाणाऱ्या शंकेला याहून नेमके उत्तर देणे कठीण आहे.

परंतु वाट लहान मेंदूत तुटली, तर मोठ्या मेंदूतील अस्पर्श भाग का थंडावा? खानदेशातील जुन्या फडबागायतीत बंधाऱ्यापाशी पाटाचे तोंड ढासळले, तर शेवटच्या फडातील पीक सुकते. त्या फडाची जमीन कसदारच असते, तिला कोणी हात लावलेला नसतो, फक्त तिच्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. कॉन्स्टँटिन फोन मोनाकोव्ह यांनी १९१४ च्या आपल्या ग्रंथात मेंदूच्या बाबतीत याच स्वरूपाची कल्पना मांडली होती आणि तिला डायास्किसिस अशी संज्ञा योजली होती: एका ठिकाणच्या आघाताने, त्याच्याशी जोडलेल्या दूरच्या ठिकाणचे कार्य मंदावते. ती दीर्घकाळ तर्काच्याच कोटीत राहिली. परंतु मुकी झालेल्या मुलांच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजला गेला तेव्हा शस्त्रक्रियेचा स्पर्शही न झालेल्या ललाटखंडात तो घटलेला आढळला, आणि काही मुलांत बोलणे परतू लागताच तो पुन्हा वाढल्याचेही दिसले. रक्तवाहिन्या तेथे शाबूत असतात. प्रेरणा येईनाशी झाल्यामुळे काम घटते, आणि काम घटल्यामुळे रक्ताची मागणी घटते. या मुलांचे मौन जिभेचे वा स्वरयंत्राचे नाही आणि मनाच्या हट्टाचेही नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

आणखी एक साक्षीदार उशिरा पुढे येतो. मस्तिष्कस्तंभाच्या तळाशी ऑलिव्ह नावाचे दोन लहान उंचवटे आहेत. दंतुर केंद्रक, मध्यमेंदू आणि ऑलिव्ह यांच्या परस्परसंबंधाचा त्रिकोण गियाँ आणि मोलारे या फ्रेंच वैद्यांनी १९३१ मध्ये वर्णिला. त्याची वरची बाजू तुटली की काही महिन्यांत ऑलिव्ह सुजल्यासारखे मोठे होतात आणि एम.आर.आय.च्या प्रतिमेत उजळ दिसू लागतात. मौन आलेल्या मुलांत दोन्ही बाजूंचे ऑलिव्ह असे बदललेले आढळणे, ही वाट दोन्हीकडून तुटली होती याची मागाहून झालेली रुजुवात आहे.

येथवर प्रतिमेची थोरवी झाली. तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. तंतूंचे रंगीत चित्र हे छायाचित्र नव्हे, ते गणिताने बांधलेले अनुमान आहे. शस्त्रक्रियेनंतरची सूज आणि साकळलेले रक्त त्या गणिताला चकवू शकते. गाठीचा अवशेष राहिला काय हे पाहण्यासाठी सामान्यतः पहिल्या दोन-तीन दिवसांतच एम.आर.आय. काढतात, आणि मौनाचा आरंभही नेमका त्याच सुमारास होतो. त्यामुळे प्रतिमा काढली तेव्हा मूल बोलत होते की नव्हते, हे नमूद नसेल तर तिचा अर्थ लावणे दुष्कर होते. शिवाय शेकडो मुलांच्या सरासरीवरून निघालेला नियम एकट्या मुलाच्या बाबतीत निवाडा म्हणून वापरता येत नाही: वाट बरीच तुटलेली दिसूनही बोलणारी मुले असतात. सर्वांत महत्त्वाची मर्यादा मात्र यंत्रातली नव्हे, ती यंत्राबाहेरची आहे. प्रतिमेतील खूण आणि मुलाची वाणी यांचा मेळ घालणे हाच या शास्त्राचा गाभा. त्यांपैकी प्रतिमा मिलिमीटरपर्यंत मोजली जाते, आणि वाणी मात्र पुष्कळदा ‘बोलतो’ किंवा ‘बोलत नाही’ एवढ्या एका शेऱ्यात संपते. दोहोंपैकी एक कागद इतका ढोबळ असेल, तर दुसरा कितीही बारीक असून रुजुवात ढोबळच होणार.

नंदुरबारचे महत्त्व याच ठिकाणी आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या आसपास असलेल्या लोकसंख्येपैकी सुमारे ६९ टक्के आदिवासी आहेत. तापीकाठी अहिराणी आणि गुजरी, नवापुराकडे मावची, अक्कलकुव्याकडे देहवाली आणि वसावी, अक्राणीतील धडगावच्या डोंगरात पावरी, अशा बोली येथे नांदतात. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा भिल्ली आणि खानदेशी बोलींना वाहिलेला भाग १९०७ मध्येच छापून निघाला. म्हणजे या बोलींची दखल सरकारी दप्तराने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घेतली आहे. रुग्णालयाच्या केसपेपरावर ती क्वचितच घेतली जाते.

सातपुड्यातील एखाद्या पाड्यावरचे असे आजारी मूल झोळीतून मोटाररस्त्यापर्यंत, तेथून ग्रामीण रुग्णालयात, तेथून नंदुरबारला येते. २०२० पासून येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तथापि मेंदूच्या गाठीचा सांगोपांग उपचार म्हटला की पुढची वाट ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेकडे, नाही तर मुंबईच्या परळ भागाकडे जाते, जेथे १९२६ चे के.ई.एम., १९२९ चे वाडिया बालरुग्णालय आणि १९४१ चे टाटा स्मारक रुग्णालय एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर उभी आहेत. दूरच्या गावांहून कर्करोगाच्या उपचारासाठी आलेल्या मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य निवारा देणारी सेंट ज्यूड इंडिया ही संस्थाही २००६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. या रुग्णालयांच्या वॉर्डांत परिचारिका मराठीत विचारते, डॉक्टर हिंदीत, सुरतेस असेल तर गुजरातीत. आणि घरी आईला ‘याहा’ म्हणणारे देहवाली मूल शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीही या प्रश्नांना मान खाली घालूनच उत्तर देते. दुसऱ्या दिवशी ते खरोखर मुके झाले, तर तो फरक कोणी आणि कशावरून ओळखावा? उलटपक्षी, आईशी तिच्या बोलीत दोन शब्द पुटपुटणारे मूल डॉक्टरांच्या फेरीत गप्प राहिले, तर त्याची गणना मुक्यांत होणार नाही याची हमी काय? पहिल्या प्रकारात खरे मौन बुजरेपणा ठरते, दुसऱ्यात बुजरेपणा मौन ठरतो. आणि दोन्ही वेळा, प्रतिमा निर्दोष असूनही, तिच्याशी ताडून पाहिलेले लक्षण खोटे निघते.

यावर उपाय खर्चिक नाही. शस्त्रक्रियेपूर्वी, मूल ज्या बोलीत घरी बोलते त्या बोलीत, आईवडिलांपैकी कोणास अथवा त्या भागातील आरोग्यसेविकेस जवळ बसवून, त्याच्या बोलण्याची पाच-दहा मिनिटांची ध्वनिमुद्रित नोंद घ्यावी. उच्चाराची गती पाहण्यासाठी ‘प-त-क’ ही तीन अक्षरे एका दमात झपाझप म्हणावयास लावण्याची वाणीचिकित्सकांची जी रीत आहे, तिला भाषेचे बंधन फारसे नाही. पाच सेकंदांत ती किती वेळा आणि किती सारखेपणाने म्हटली गेली, हे मराठी, पावरी वा तमीळ मुलाच्या बाबतीत जवळपास सारख्याच मापाने मोजता येते. नावे ओळखण्याच्या चाचणीचे मात्र तसे नाही. धडगावच्या मुलापुढे सरकत्या जिन्याचे चित्र ठेवून ते गप्प राहिले म्हणून त्याच्या खाती उणे मांडणे हा अन्याय आहे. महूची फुले, वाळत घातलेले आमचूर, बांबूची टोपली, ढोल ही चित्रे ठेवावीत, आणि उत्तर त्याच्या बोलीत आले तर ते बरोबर धरावे. शस्त्रक्रियेनंतर हीच चाचणी, त्याच माणसाकडून, रोज ठरल्या वेळी घ्यावी, आणि मौनाचा आरंभ, पहिली कुजबुज, पहिला शब्द, पहिले वाक्य यांची तारीख प्रतिमांच्या तारखांशेजारी लिहावी. असा कागद हाती असेल तरच तांबड्या ठिपक्याच्या फिकटपणाला काही अर्थ प्राप्त होतो.

मूल घरी परतल्यावर हे काम संपत नाही. ० ते १८ वर्षांच्या मुलांची अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला, आणि त्याची पथके आश्रमशाळांपर्यंत पोहोचतात. मौनातून सावरलेल्या मुलाचे उच्चार, शिकण्याची गती आणि तोल यांवर लक्ष ठेवण्यास ती उपयोगी पडावीत. शिक्षकाला हे ठाऊक असावे की असे मूल सावकाश बोलते ते मंदबुद्धी म्हणून नव्हे. त्याला उत्तरासाठी अधिक वेळ द्यावा लागतो, आणि वर्गासमोर उभे करून घाई केली तर ते पुन्हा मिटते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मज्जासंस्थेच्या विकारामुळे आलेल्या वाणी व भाषेच्या स्थायी दोषाचा अंतर्भाव आहे; ज्यांचे बोलणे कायमचे बाधित राहते त्यांच्या दाखल्यासाठी वर सांगितलेली नोंद हाच आधार ठरू शकतो.

या पुस्तकाची प्रकरणे लहान मेंदूची रचना, गाठीचे प्रकार, शस्त्रक्रिया, प्रतिमांच्या पद्धती आणि वाणीचे पुनर्वसन या क्रमाने लावली आहेत. घाईत असलेल्या पालकाने शेवटचे प्रकरण आधी वाचावे, त्यात काहीही गैर नाही. शल्यचिकित्सकांकडे मात्र एक मागणे आहे. संमतीपत्रावर अंगठा घेण्यापूर्वी, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांच्या यादीत, चारांतील एका मुलाचे बोलणे काही काळ थांबू शकते आणि बहुधा परत येते, हे वाक्य त्या घराला समजेल अशा बोलीत त्यांनी सांगावे. ज्या आईला ते आधी सांगितले गेले आहे, ती दुसऱ्या दिवशी घाबरेल, पण मुलाला दटावणार नाही, आणि उपचार अर्धवट टाकून गाडीत बसणार नाही. मेड्युलोब्लास्टोमाच्या बाबतीत किरणोपचार वेळेवर सुरू होणे हे मुलाच्या जिवाशी निगडित असल्यामुळे तिचे थांबणे हा उपचाराचाच भाग आहे. वाट कोठे तुटली हे प्रतिमा दाखवील. ते ज्ञान मुलाच्या कामी येईल की नाही, हे मात्र त्या आईला कोणी, केव्हा आणि कोणत्या बोलीत समजावले यावर ठरेल.